सर, याच्यात काय ठेवायचं?

मी कार्यानुभवाचा मास्तर. वेळापत्रकातला जो तास गणिताचे सर 'माझा भाग राहिलाय' म्हणून मागून नेतात, तो तास माझा. १९९४ साली नवापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत रुजू झालो तेव्हा नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. पुढे अक्कलकुव्याकडे बदली, मग पुन्हा नवापूर, आणि आता नंदुरबारला निवृत्तीचं घर. मूळचा अमळनेरकडचा, घरात बोली अहिराणी. या सगळ्या काळात कोटवालिया लोकांच्या बांबूकामाच्या आसपास राहिलो. गेलो होतो शिकवायला. काय झालं ते खाली देतो. क्रम आठवणीचा आहे, महत्त्वाचा नव्हे.

१. ज्याची आजी विणते त्याला विणकाम शिकवायला जाऊ नये

पहिल्याच वर्षी सातवीला 'बांबूची फुलदाणी' घेतली. पुस्तक धुळ्याहून आणलेलं, त्यात आकृत्या, आकृत्यांना अ, ब, क अशी नावं. बांबू मी स्वतः आणला, कामट्या स्वतः काढल्या, दोन बोटं स्वतःचीच कापून घेतली. फळ्यावर व्याख्या लिहिली. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. त्याच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, जुन्या जखमांच्या. मला वाटलं, मारामाऱ्या करत असेल.

चाळीस मिनिटांत माझी फुलदाणी अर्धी झाली. त्याची पूर्ण होऊन शेजाऱ्याचीही होत आली होती. मी जवळ गेलो तर त्याने ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली आणि विचारलं, "सर, याच्यात काय ठेवायचं?"

"फुलं."

"ती कशाला ठेवायची?"

वर्ग हसला. तो हसला नाही. खरंच विचारत होता. त्याच्या घरी बनणाऱ्या प्रत्येक वस्तूत काहीतरी ठरलेलं जायचं: दाणे, कोंबडी, मासे, मोहाची फुलं, शेण. फुलं ठेवायची तर मोहाची ठेवा, आणि मग एवढं लहान तोंड कशाला? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी त्याला 'बस खाली' म्हणालो. मास्तराजवळ ते एक उत्तर कायम तयार असतं.

त्याची आजी नवापूरच्या आठवडे बाजारात टोपल्या घेऊन बसायची. पुढच्या बाजाराला मी तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसलो. गिऱ्हाईक समजून तिने सूप पुढे केलं. पुढची वीस वर्षं तिला मी मावशी म्हणत आलो आणि ती मला 'मास्तर'. तिची बोली गुजराती आणि मावचीच्या मधली, माझी अहिराणी. मराठी दोघांनाही परकीच, पण काम भागायचं.

२. मोजपट्टी खिशातच राहू द्यावी

टोपलीचं बूड कसं घालतात ते मला शिकायचं होतं. कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या टाकून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरायच्या आणि मधून पातळ पट्टी गोल फिरवत न्यायची, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. मी घरी तयारी करून गेलो होतो. चोवीस आरे, म्हणजे दर पंधरा अंशांवर एक. वहीत आकृतीही काढली होती.

मावशीने माझं बूड पायाच्या दोन अंगठ्यांत दाबून धरलं, बोटाने मोजल्यासारखं काही केलं नाही, नुसतं बघितलं. मग कोयत्याच्या टोकाने एक कामटी मधोमध फाडली आणि एकीच्या दोन केल्या. माझे पंधरा अंश गेले.

मी रागावलोच. ती काही बोलली नाही, पट्टी फिरवायला लागली. दोन फेऱ्या झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. चोवीस आरे घेतले की पहिल्या फेरीत पट्टी ज्या कामटीच्या वरून जाते, दुसऱ्या फेरीतही तिच्याच वरून जाणार. वीण गुंतणारच नाही, फेऱ्या नुसत्या एकावर एक बसतील. आरे विषम हवेत. पंचवीस झाले की दुसऱ्या फेरीत वरचं खाली जातं आणि खालचं वर येतं, आणि एकच पट्टी न तोडता फिरत राहते. मी आठवीला सम-विषम संख्या शिकवायला मदत करायचो, पण त्यांचा उपयोग मला बाजारात जमिनीवर बसून कळला. तिच्या नातवाला तो कळलेला होताच. "एक फाडायची असते," तो म्हणाला, जणू मी चप्पल उलटी घातली होती.

दर चार-पाच फेऱ्यांनी ती कोयत्याच्या पाठीने वीण खाली ठोकायची. कामटी कडक वाटली की तोंडातून पाण्याची फुंकर. बांबूची बाहेरची पाठ चिवट आणि चकचकीत, ती उभ्या कामट्यांना आणि काठाला. आतला गर मऊ, तो भरायला. पेराची गाठ कुठे येईल हे आधीच ठरलेलं. गाठ वळणावर आली की कामटी मोडते.

मापाचं विचारलं तर तिने उलट विचारलं, कोण नेणार? डोक्यावर नेणार की कमरेवर? एकदा माझी बायको सोबत होती. मावशीने तिच्याकडे शिंप्यासारखं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुढच्या बाजाराला जी पाटी आणली ती बायकोच्या कमरेवर अशी बसली की शेजारणीला तीच पाटी उचलता येईना. पूर्वी पैशांऐवजी दाणे मिळायचे, ती टोपली भरून. म्हणजे टोपलीचं माप हीच तिची किंमत. "मग सगळे मोठी मागत असतील," मी म्हणालो. "लहान मागायचे," ती म्हणाली, "आणि भरताना बोटं आत ठेवायचे."

३. बांबू गोड असताना तोडू नये

माझी पहिली चांगली म्हणावी अशी टोपली आषाढात तोडलेल्या बांबूची होती. सहा महिन्यांनी तिच्याखाली पिवळसर पीठ पडायला लागलं. बांबूला भुंगा लागला होता. बारीक भोकं, आणि हाताने दाबली की चुरा. मावशी म्हणाली, गोड होता तेव्हा तोडला, मग किडा खाणारच. खरं आहे: भुंग्याला बांबूतलं पिष्टच हवं असतं. थंडीत तोडा, दोन-तीन वर्षांचा जून तोडा. ती वद्य पक्षातच तोडायची, अमावास्येच्या जवळ. ते मला पटत नव्हतं. आता मीही त्याच दिवसांत तोडतो, कारण विचारू नका.

४. भोक हीसुद्धा वीण आहे

शहरातले पाहुणे आले की बारीक विणीची टोपली उचलतात आणि म्हणतात, वा, काय सफाई! मीही तसाच होतो. पुढे कळलं की सफाई प्रत्येक वस्तूची वेगळी.

सूप सगळ्यात घट्ट. आधी सपाट चटई विणतात, पट्टी दोन कामट्यांवरून, दोन कामट्यांखालून. अशी वीण वाकते पण तुटत नाही आणि तिच्यातून तांदळाची कणीही निसटत नाही. मग तीन बाजू वर वळवायच्या, मागचे दोन कोपरे दुमडायचे, पुढचं तोंड उघडं ठेवायचं आणि काठाला आतून-बाहेरून जाड कामट्या लावून आवळायचं. कोंबड्या झाकायचं डालगं याच्या अगदी उलट, बोटं जातील एवढी भोकं. कोंबडीला वारा लागला पाहिजे, पिलू बाहेर पडता कामा नये आणि मांजराचा पंजा आत शिरला तरी पोचता कामा नये. या तीन अटींतून ते भोक बनलंय.

आणि कणगी! शाळेच्या स्वयंपाकघरासाठी एक कणगी मी मुद्दाम मावशीकडून करून घेतली आणि मास्तरकी दाखवत सांगितलं, अशी ओबडधोबड नको, छान बारीक विणा. तिने विणली. सांगितलं ते केलं. मग आम्ही तिला शेणमातीचा लेप दिला आणि आठवड्यात तो पापुद्र्यांनी खाली आला. कणगीची वीण खरबरीत ठेवतात ती मातीला दात धरता यावेत म्हणून. "मला माहीत होतं," मावशी नंतर म्हणाली. मग बोलली का नाही? "तुम्ही मास्तर."

कुडाच्या भिंतीचंही तेच. नवापूरपासून धडगावपर्यंत अजून अशी घरं आहेत, उभ्याआडव्या कामट्यांची भिंत आणि वर मातीचा गिलावा. एका अर्थाने माणसं मोठ्या टोपलीत राहतात. माझ्या आईने मला जन्मल्यावर सुपात ठेवलं होतं, खाली ज्वारी पसरून. ती म्हणायची, रिकामं सुपडं पाखडू नको. सुपडं हा शब्द तिचाही आणि मावशीचाही. दोघींच्या बोली वेगळ्या, पण शब्द एकच.

५. टोपली कुणाच्या हातून कुणाच्या डोक्यावर जाते ते बघावं

अक्कलकुव्याकडे असताना महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस. हद्दीपलीकडे, गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा आहे, तिथे याहामोगीची यात्रा भरते. 'याहा' म्हणजे आई. दुष्काळात तिने लोकांना धान्य पुरवलं असं सांगतात, म्हणून सातपुड्यातले भिल्ल, वसावे, तडवी, गावित सगळे तिच्याकडे धान्यच घेऊन जातात. नवा दाणा, नारळ, कोंबडं, मोहाची दारू. आणि हे सगळं न्यायचं ते नव्या कोऱ्या बांबूच्या टोपलीत. जुनी चालत नाही. घरी दहा टोपल्या असोत, देवीला नवी.

माझ्या ओळखीच्या एका घरी मी चहाला बसलो होतो. चांगलं सुखवस्तू आदिवासी घर, मुलगा नोकरीत. अंगणाच्या कडेला एक कोटवालिया बाई टोपली घेऊन आली. ओट्यावर चढली नाही, कुणी चढ म्हणालंही नाही. घरच्या बाईंनी टोपली हातातून घेतली नाही. तिला ती खाली ठेवायला लावली, ती दोन पावलं मागे सरकल्यावर उचलली, मग पैसे तसेच खाली ठेवले. भाव मात्र केला नाही, देवीच्या टोपलीचा भाव करत नाहीत म्हणाल्या. दोन दिवसांनी तीच टोपली घरच्या त्या बाईंच्या डोक्यावर, पदराखाली, अनवाणी पायांनी देवमोगऱ्याच्या वाटेला निघाली.

आपल्याला वाटतं शिवाशिव म्हणजे गावगाड्यातली गोष्ट, जंगलात कुठली? जंगलातही उतरंड आहे आणि बांबू फोडणारा तिच्या तळाशी. आता पुष्कळ कमी झालंय, बाजारात तर कुणी पाळत नाही. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही. कप हातात होता, चहा संपवला. 'बांबूच्या टोपलीचं सांस्कृतिक महत्त्व' या विषयावर मी तोपर्यंत दोन भाषणं दिली होती. दोन्ही भाषणांत टोपली होती, देवी होती, ती बाई नव्हती.

६. अर्थ विकत मागितला तर देऊ नये

हे कबुलीचं आहे. २००० च्या पुढेमागे पुण्यात हस्तकलांचं एक प्रदर्शन होतं. मावशीची आणि तिच्या वाडीतल्या इतरांची सुपं, टोपल्या घेऊन मी गेलो. पहिल्या दिवशी विक्री जेमतेम. लोक हातात घ्यायचे, फिरवायचे आणि विचारायचे, "या डिझाइनचा अर्थ काय?" मी म्हणायचो, पाखडायचं सूप आहे. ते सूप परत ठेवायचे.

रात्री मी बसून कार्डं लिहिली. 'सुपावरील तिरपी नक्षी सातपुड्याच्या डोंगररांगांचे प्रतीक आहे.' 'टोपलीच्या वर्तुळाकार विणीत आदिवासींनी ऋतुचक्र पाहिले.' एका चपट्या करंडीला मी नर्मदेच्या लाटा चिकटवल्या. मराठीचा पेपर तपासलेला माणूस, मला काय अवघड! तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं खपलं. कुठल्याशा पुरवणीत माझे डोंगर छापूनही आले. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या स्टॉलवर, दुसऱ्याच जिल्ह्याच्या सुपांवर, तेच डोंगर. खोटं एकदा विणलं की न तोडता फिरत राहतं.

नातवाने ते कात्रण आजीला वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्या सुपात कुणी चूक काढलीये. मग त्याने समजावल्यावर ती म्हणाली, डोंगर तर मागे आहे, सुपात कशाला घालू?

वीण काही सांगत नाही असं मात्र नाही. बाजारात शंभर सुपं एकावर एक टाकली तरी मावशी स्वतःची वेगळी काढायची. तिच्या बहिणीचीही काढायची, उच्छलच्या जावेचीही. काठ आवळून झाल्यावर शेवटचं टोक कुठे खोवलंय ते बघायचं. कुणी डावीकडे खोवतं, कुणी दोनदा गुंडाळतं. लग्न होऊन आलेली मुलगी आईच्या पद्धतीने खोवते, सासूच्या नव्हे, त्यामुळे सून कुठल्या गावची तेही कळतं. हे माझ्या कार्डांवर नव्हतं, कारण पुण्यात कुणी सूप उलटं करून बघितलं नाही. मीही नाही.

७. सगळंच मागायचं नसतं

काठीची होळी मी पहिल्यांदा बघितली ती अक्कलकुव्याच्या बदलीत. मोलगीहून पुढे काठी. तिथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली आहे असं गावात सांगतात. मधोमध उंच बांबू उभा करतात. त्यासाठीचा खड्डा कुदळ-फावड्याने नव्हे, हातांनी उकरतात. होळी पेटते ती पहाटे. रात्रभर ढोल, आणि दूरदूरच्या पाड्यांवरून आलेले नाचणारे: बुध्ये, बावा, मोरखी. बुध्याच्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, आणि डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसं आणि रंगीत कागद.

त्या टोपावर माझी नजर गेली. आतला सांगाडा विलक्षण होता. पातळ सळया, वजन जेमतेम, रात्रभर उड्या मारूनही न हलणारा. पहाटे उजाडल्यावर एका पोराला गाठलं आणि म्हणालो, हा मला शाळेच्या संग्रहासाठी दे, पैसे देतो. रक्कमही चांगली सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या सोबतच्या म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. पोराची मानता होती. होळीच्या आधीपासून पाळणी चालू: खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, पायात काही घालायचं नाही, मांसमच्छी नाही. अजून पुढच्या गावांच्या होळ्या नाचायच्या होत्या, मग नदीवर अंघोळ, मग मानता सुटणार. "आत्ता तो टोप त्याचा नाही, मास्तर," म्हातारा म्हणाला. मग कुणाचा, हे मी विचारलं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती.

पुढे अँडीज पर्वतातल्या आयमारा लोकांविषयी कुठेतरी वाचलं. तिकडच्या बायका मागावर विणलेल्या कापडाला कात्री लावत नाहीत. चारही काठ मागावरच पूर्ण होतात आणि कापड अख्खं उतरतं. बोलिव्हियातल्या कोरोमा या गावात पूर्वजांची जुनी वस्त्रं गाठोड्यांत बांधून ठेवलेली असत. ती नुसती आठवण नव्हे, पूर्वज स्वतः त्यांत आहेत असं लोक मानत, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पितरांच्या सणाला, ती उघडून अंगावर घेत. १९८० च्या दशकात परदेशी व्यापाऱ्यांच्या हस्तकांनी त्यातली बरीच वस्त्रं लंपास केली. अमेरिकेत ती सुंदर विणकामाचे नमुने म्हणून विकायला निघाली. गावाने पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये त्यातली काही परत आली. हे वाचताना काठीची पहाट आठवली आणि कानशिलं गरम झाली. ते व्यापारीही 'चांगली रक्कम' म्हणालेच असतील.

८. कोंबडी मेली की टोपलीवालीही उपाशी राहते

१८ फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडल्याचं जाहीर झालं. जगाच्या नकाशावर आमचं गाव आलं ते असं. पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, लाखो कोंबड्या मारल्या. आसपासच्या गावांतल्या घरगुती गावठी कोंबड्याही गेल्या. पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान पेपरात आलं, आणि ते मोठं होतंच.

मावशीच्या झोपडीसमोर डालग्यांची उतरंड होती, होळीच्या बाजारासाठी हिवाळाभर विणलेली. डालग्यात ठेवायला कोंबडीच नाही. कोंबडी गेली त्याला भरपाई मिळाली, पण डालगं रिकामं राहिलं त्याची नोंद करायला कुठल्या रजिस्टरात रकाना नव्हता. मी तिच्यासाठी अर्ज लिहिला, तो कुठे गेला कळलं नाही. मराठीत अशा अर्जाला टोपलीच दाखवतात, आणि तीही बहुतेक आता प्लॅस्टिकची. त्या पावसाळ्यात मावशीने डालगी मोडून चुलीत घातली. पावसाळा सरल्यावर पोरं ऊसतोडीला निघून गेली.

९. रुळाच्या कुठल्या बाजूला जन्मलो हे आधी विचारावं

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ. एकीकडे महाराष्ट्र, दुसरीकडे गुजरात. लोक त्यावर बसून फोटो काढतात. मीही काढलाय.

मावशीच्या नात्यातले निम्मे लोक त्या रेघेच्या पलीकडे, तापी जिल्ह्यात. बोली तीच, कोयता तोच. गुजरातेत कोटवालियांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. महाराष्ट्रात त्या यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड एवढेच. आमच्याकडे कोटवालिया अनुसूचित जमातींच्या यादीत विटोलिया, बरोडिया यांच्यासोबत एका ओळीत आहेत, बस. त्यामुळे या गटांसाठीची कुठलीही खास योजना आली की पलीकडच्या जावेला लाभ आणि अलीकडच्या मावशीला त्याची बातमी.

बांबूचा कायदाही तसाच. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. भारतीय वन कायद्यात १९२७ पासून तो झाडांत धरलेला, म्हणजे तोडला, नेला की गुन्हा. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन तो झाडांच्या व्याख्येतून गेला, पण जंगलाबाहेरचा. मावशीचा बांबू जंगलातला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर गावाचा हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक सरकारकडून मिळवलं, तेही बरीच वर्षं भांडून. पण मेंढ्याला स्वतःचं जंगल आहे आणि एका विचाराने बसणारी ग्रामसभा आहे. मावशीची वाडी दुसऱ्यांच्या गावाच्या टोकाला दहा-बारा झोपड्यांची. ग्रामसभेत तिची माणसं बसतात, पण दाराशी. मुलं डोक्यावर मोळी घेऊन रात्री यायची, आणि समोरच्या रस्त्यावरून दिवसाढवळ्या बांबूचे ट्रक कागदगिरणीकडे जायचे. मावशी ट्रक मोजायची नाही. मी मोजायचो, आणि तेवढंच करायचो.

१०. सुपाला पॉलिश मारू नये

मावशी गेली त्याला काही वर्षं झाली. तिने दिलेलं शेवटचं सूप मी नंदुरबारच्या घरात दिवाणखान्यात लावलं होतं, खिळ्याला, टीव्हीच्या वर. भुंगा लागू नये आणि दिसायलाही बरं म्हणून वॉर्निशचे दोन हात दिले होते. येणारेजाणारे विचारायचे, मी सांगायचो. डोंगराबिंगराचं नाही, खरं तेच सांगायचो.

मागच्या हिवाळ्यात तो मागच्या बाकावरचा मुलगा आला. आता चाळिशीच्या पुढचा, सुरतेला एका कारखान्यात कामाला, बोटांवरच्या पांढऱ्या रेघा फिकट झालेल्या. मुलीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. चहा होईपर्यंत त्याची नजर भिंतीवर गेली. न विचारता उठला, सूप खाली काढलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. काठाचं टोक अंगठ्याने चाचपलं. दोनदा गुंडाळून डावीकडे खोवलेलं होतं. तो काही बोलला नाही. मग सुलटं करून त्यावरून तळवा फिरवला आणि नाकाशी नेलं.

"याला हे काय लावलं?"

"वॉर्निश. टिकावं म्हणून."

माझी बायको स्वयंपाकघरातून तूर घेऊन येतच होती. त्याने दोन मुठी सुपात घेतल्या आणि एकदा झटकलं. दाणे वॉर्निशवरून घसरले आणि सगळे फरशीवर. आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून वेचायला लागलो. वेचता वेचता तो म्हणाला, काचेच्या तुकड्याने खरवडून बघतो, निघालं तर निघालं, नाहीतर नवं करून देईन. मात्र बांबू तुम्ही आणा, सुरतेत मिळत नाही.